आईच्या गोळ्यांची पिशवी: शुगर आणि हाडं दोन्ही सांभाळायला काय खायचं, काय घ्यायचं, काय बंद करायचं

गेल्या वर्षी जुलैमध्ये आई बाथरूममध्ये घसरली, पडताना हात टेकवला आणि मनगट मोडलं. फार जोरात पण नव्हती पडली, उभ्याउभ्याच पडली, पण डॉक्टर म्हणाले एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हणजे ते आधीच ठिसूळ झालेलं असतं, प्लास्टर निघालं की डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) करून घ्या. केली. खुब्याचा टी-स्कोर (हाडाच्या घनतेचा आकडा, जितका जास्त उणे तितकं हाड विरळ) उणे २.६ आला. सोबत रक्त तपासलं त्यात एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.२. म्हणजे हाडं ठिसूळ आणि शुगर काठावर, दोन्ही एकाच आठवड्यात कळलं, आणि ह्याच दोन गोष्टींसाठी ती गेली चार-पाच वर्षं काही ना काही "नॅचरल" घेतच होती ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की घरात ज्या गोळ्या, पावडरी, ज्यूस, काढे आहेत ते सगळं एका पिशवीत घालून आणा. अकरा वस्तू निघाल्या! दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम, नाव वेगळं पण आत तंतोतंत तेच, आणि ती दोन्ही घेत होती. व्हिटॅमिन डी चं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, जे आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेलं ते वर्षभर चालू होतं कारण थांबवा असं कुणी सांगितलंच नाही. गुळवेलीचा ज्यूस, दालचिनीची पावडर कोमट पाण्यातून, अश्वगंधाच्या कॅप्सूल, प्रवाळ (पोवळ्यापासून केलेलं आयुर्वेदिक औषध), आणि ह्या सगळ्यात थायरॉईडची गोळी जी सकाळी कॅल्शियमसोबतच एका घोटात जात होती.

म्हणून पहिलं काम हेच करा. आहार बदलायच्या आधी, नवीन काही आणायच्या आधी, घरातल्या माणसाचं हे सगळं एका कागदावर लिहा: काय घेते, किती वाजता, कोणी सांगितलं, कधीपासून. आयुर्वेदिक पण लिहायचं, शेजारच्या काकूंनी दिलेलं पण लिहायचं. तो कागद प्रत्येक डॉक्टरकडे न्यायचा. आमच्याकडे निम्मा प्रश्न ह्या कागदानंच सुटला.

दुसरं, तपासण्या. सगळी मोठी पॅकेजं करायची गरज नसते. उपाशीपोटी शुगर (१०० ते १२५ आली तर काठावर, १२६ पासून पुढे डायबेटिस, अर्थात दोनदा तपासून), एचबीएवनसी (५.७ ते ६.४ काठावर), ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल), बीपी, आणि घरातल्या टेपनं कंबर. कंबर खूप लोक सोडून देतात पण आपल्या लोकांसाठी ती वजनापेक्षा जास्त बोलते: बाईची ८० सेंटीमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर गेली तर सावध व्हायचं. हाडांसाठी पासष्टीच्या आतबाहेरच्या बायकांनी, किंवा पाळी लवकर गेलीय, किंवा दम्या-सांधेदुखीसाठी बरेच महिने स्टेरॉईडच्या गोळ्या झाल्यात, किंवा आधी एखादं हाड किरकोळ पडण्यानं मोडलंय अशांनी डेक्साबद्दल डॉक्टरांना विचारावं. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आणि हे दुखत नाही हं, हाड मोडेपर्यंत काहीच कळत नाही, त्यामुळे "मला कुठे काय दुखतंय" ह्यावर जाऊ नका.

कंबरेवरून आठवलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे (आपल्या परळच्या नाही) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ! आपल्याकडे बारीक हातापायांची माणसं शुगर घेऊन का बसतात ते ह्यात दिसतं: स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त. माझी आई ५२ किलोची आहे, तिला सगळे म्हणायचे तुला काय होतंय.

आता शुगर आणि हाडं ह्यांचा संबंध काय, कारण लोक दोन्हीसाठी दोन वेगळी डाएट करत बसतात. स्नायू हे जेवणातली साखर रिचवायचं सगळ्यात मोठं गोदाम आहे, आणि तेच स्नायू हाडाला ओढतात तेव्हा हाडाला मजबूत राहायचा निरोप जातो. स्नायू झडले की दोन्हीकडून नुकसान. शिवाय शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की ती हाडातल्या कोलॅजेनला (हाडाला लवचीक ठेवणारं प्रोटीन) चिकटते आणि हाड कडक पण ठिसूळ होतं, त्यामुळे टाईप टू डायबेटिसमध्ये डेक्सा ठीकठाक येऊनही फ्रॅक्चर होऊ शकतं. आणि उलट बाजूनं, शुगर-वजन कमी करायच्या नादात जी माणसं दोन महिने सूप आणि काकडीवर काढतात त्यांचं चरबीबरोबर स्नायू आणि हाडपण जातं. म्हणून माझं मत असं झालंय की ताट एकच लावायचं, आणि सुरुवात प्रोटीनपासून करायची, कॅल्शियमपासून नाही.

प्रोटीन किती? ढोबळमानानं वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम तरी, वय झालेल्यांना थोडं जास्तच बरं. (किडनीचा त्रास असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.) आता आपल्या नेहमीच्या जेवणात बघा, पातळ वरणाची एक वाटी म्हणजे ५-६ ग्रॅम, सकाळचे पोहे म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री वरण-भात-भाजी. आईचं मोजलं तर जेमतेम ३० भरलं. मग आम्ही काय केलं तर पोहे बंद नाही केले, पोहे अर्धे केले आणि त्यात मोड आलेली मटकी नाहीतर मूठभर शेंगदाणे, बाजूला एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. दुपारी घट्ट उसळ, ८-९ ग्रॅम मिळतात एका वाटीत. अंडं ६. शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२० असतात, पनीरमध्येपण तेवढेच. श्रावणात मासे-अंडी बंद असतात आमच्याकडे तेव्हा सोयाबीनच्या वड्या, ३० ग्रॅम कोरड्या वड्या म्हणजे १५ ग्रॅम. उपवासाचा साबुदाणा ही मात्र खरी अडचण आहे, तो अगदीच स्टार्च आहे, त्याऐवजी राजगिरा, वरी थोडी आणि सोबत दही-शेंगदाण्याची आमटी हे परवडतं.

जेवायचा क्रमपण बदलून बघा, ह्याला एक पैसा लागत नाही. आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ/मासा, आणि भात-पोळी शेवटी. तेवढ्यानंच जेवणानंतरची शुगर कमी चढते. आणि जेवल्यावर शतपावली. आपल्या आज्या करायच्या तीच, फक्त शंभर पावलं म्हणजे एकदीड मिनिट होतं, तेवढ्यावर न थांबता १०-१५ मिनिटं करा, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, चाळीच्या गॅलरीत, कुठेही. आपलं मुंबईकरांचं दुखणं म्हणजे रात्रीचं जेवण, लोकलनं घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात आणि मग साडेदहाला भरपेट जेवून लगेच आडवं. मी आता स्टेशनबाहेर चणे-शेंगदाणे घेते साडेसातला, वडापावच्या ऐवजी, त्यामुळे घरी आल्यावर आपोआप कमी जेवलं जातं.

साखरेऐवजी गूळ घातला म्हणून फार काही होत नाही हे पण सांगून टाकते. चहात दोन चमचे गूळ म्हणजे शरीराच्या दृष्टीनं साखरच. मधपण तसाच.

आता कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला १२००, हे आपल्याच हैदराबादच्या पोषण संस्थेचे आकडे. ऐकायला खूप वाटतं पण आपल्या मराठी स्वयंपाकघरात हे जमतं, थोडं लक्ष दिलं तर. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३६४ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांचं ८० ग्रॅम पीठ धरलं तर २९० च्या आसपास. गायीचं नाहीतर म्हशीचं दूध १०० मिलीला १२० च्या जवळपास, चहा धरून दिवसाला पेलाभर गेलं तर २४०. दह्याची वाटी दीडशे. मेथीत १०० ग्रॅमला २७४, शेवग्याच्या पाल्यात ३१४, त्यामुळे भाजीवाली पाला फुकट देते तेव्हा नाही म्हणू नका. तिळाची चटणी चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम तिळाचे शंभर-सव्वाशे. पन्नास ग्रॅम पालेभाजी धरून बेरीज केली तर नऊशेच्या आसपास जाते आणि एकही गोळी लागली नाही. पण तीळ न सोललेले घ्या, सोललेले पांढरेशुभ्र दिसतात पण बहुतेक कॅल्शियम सालात असतं ते सालाबरोबर जातं. दादरला किराणावाल्याकडे जरा मळकट रंगाचे मागा, मिळतात.

पालकाचा गैरसमज खूप आहे. पालकात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, दुधातलं साधारण ३० टक्के अंगी लागतं तर पालकातलं जेमतेम ५ टक्के. अळू, माठ ह्यांच्यातपण ऑक्झॅलेट असतं. लोह-फोलेटसाठी खा, छान आहेत, हाडांच्या हिशोबात धरू नका.

नाचणीचं एक सांगते. भिजवून, मोड आणून वाळवून दळली तर त्यातलं फायटेट (खनिजं धरून ठेवणारा घटक) कमी होतं आणि खनिजं जास्त अंगी लागतात, नाचणीसत्व त्यासाठीच चांगलं. पण शुगर काठावर असेल तर बारीक सत्वाच्या गूळ घातलेल्या खिरीनं ती पटकन चढते. त्यापेक्षा भाकरी, किंवा ताकातली आंबील, जिरं-लसूण-मीठ घालून. आणि भाकरी पौष्टिक म्हणून चार खाऊ नका, दोन पुरे.

कोळी बांधवांच्या शहरात राहतो आपण तर मासे विसरायचे नाहीत. मांदेली कुरकुरीत करून काट्यासकट खाल्ली जाते, जवळा-सुकट अख्खी खाल्ली जाते, म्हणजे कॅल्शियम आलंच. तारली, बांगडा ह्यात ओमेगा-३ (चांगल्या प्रकारची चरबी) भरपूर, ट्रायग्लिसराईड वाढलेल्यांनी आठवड्यातून दोनदा खावेत, तळून नाही, कालवण नाहीतर तव्यावर. शाकाहारी लोकांनी जवसाची चटणी जरूर खावी पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडं होतं हे माहीत असू दे. सुकी मासळी करताना दोन-तीनदा धुवा, मीठ जातं. मिठाचा संबंध बीपीशी आहे हे सगळ्यांना माहितीय, पण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियमपण जास्त बाहेर पडतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, एक छोटा चमचा, त्यात पापड-लोणचं-फरसाण आलं.

ज्यांना मुतखडा झालाय ते पहिलं दूध-दही बंद करतात. करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला पकडतं आणि बाहेर नेतं, त्यामुळे ते बंद केलं तर खडे व्हायची शक्यता उलट वाढते. गोळ्यांचं कॅल्शियम वेगळं, ते मुतखडा असलेल्यांनी विचारूनच.

ऊन. आम्ही लहानपणापासून ऐकलंय कोवळ्या उन्हात बसा, डी मिळतं. आई रोज सकाळी सातला गॅलरीत बसायची, आणि तिचं डी पहिल्यांदा तपासलं तेव्हा ११ होतं (२० च्या खाली म्हणजे कमतरता). कोवळ्या उन्हात डी बनवणारे यूव्हीबी किरण फारच कमी असतात. सूर्य वर असताना, साधारण अकरा ते दोन, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, हात-पाय उघडे ठेवून २०-३० मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. काचेतून ते किरण येत नाहीत, म्हणजे ऑफिसच्या खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही. मुंबईत वर्षभर हे ऊन असतं पण उंच बिल्डिंगच्या सावल्या, धूर आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे आपल्यात कमतरता सर्रास दिसते. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला दुपारी गच्चीवर नेऊ नका हे वेगळं सांगायला नको.

जेवण आणि ऊन करून जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीनं भरायचं. त्याचे थोडे नियम, हे नीट वाचा. डीचं ६०,००० चं पाकीट साधारण आठवड्याला एक असं ८ आठवडे देतात आणि मग कमी करतात, संपायची तारीख पाकिटावर पेनानं लिहून ठेवा. डी अंगात साठतं, महिनोन्महिने जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, किडनीवर ताण. आईला मळमळ होत होती आणि आम्ही ॲसिडिटी समजत होतो. कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून हजाराची गोळी एकदम घेऊन फायदा नाही. पाकिटावर "कॅल्शियम कार्बोनेट १२५०" लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं कारण त्याला पोटातलं ॲसिड लागतं, ॲसिडिटीची गोळी कायमची चालू असेल तर डॉक्टरांना विचारून सायट्रेट (कॅल्शियमचाच दुसरा प्रकार) घ्या, ते कधीही चालतं. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम ह्यात चार तासांचं अंतर. लोहाची गोळी पण कॅल्शियमसोबत नाही, आणि लोहावर चहा नाही. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल तर कॅल्शियमच्या पाकिटावर "के-२" (व्हिटॅमिन के चा प्रकार) लिहिलंय का ते बघा, आजकाल बऱ्याच गोळ्यांत घालतात, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते घेऊ नका. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच, कारण ते कमी झालं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि माणूस पडतो.

आता ज्याला आपण नॅचरल म्हणतो ते. मेथीदाणा भिजवून खाणं चांगलं, त्यातला चिकट फायबर साखर हळू शोषू देतो, पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या जोडीनं शुगर खाली जाऊ शकते, मोजत राहा. इसबगोल कोलेस्ट्रॉल थोडं कमी करतं, भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून दोन तास लांब. दालचिनी बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅसिया असते, त्यात कूमरिन असतं जे रोज चमचा-चमचा घेतलं तर लिव्हरला जड जाऊ शकतं, चहात चिमूटभर ठीक आहे. हळद जेवणात छान, पण मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, अश्वगंधाच्या पण आहेत आणि अश्वगंधा थायरॉईडवरही परिणाम करू शकते. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी सहा पेशंटची नोंद छापली होती ज्यांच्या लिव्हरला त्रास झाला, आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, पण कावीळ-लिव्हरचा इतिहास असेल तर मी तरी स्वतःच्या मनानं देणार नाही. प्रवाळ म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे आईच्या पिशवीत तिसरं कॅल्शियम होतं. कांडवेल, जिला हाडसांधीपण म्हणतात, तिच्यावर छोटे अभ्यास झालेत, पण त्यावर हाडांचं औषध सोडावं एवढं बळ त्यात नाही.

आणि व्हॉट्सॲपवरचा गव्हाच्या दाण्याएवढा चुना. कृपा करून नको. त्यात कॅल्शियम आहे हे खरं, पण तो दाहक आहे, तोंड-अन्ननलिका भाजू शकते आणि पानवाल्याकडच्या डबीत अजून काय आहे ते कोणाला माहीत.

हाड एकदा मोडलं असेल किंवा टी-स्कोर फार खाली असेल तर नाचणी-दुधावर भागत नाही, औषध लागतं, आईला पण चालू आहे, जेवण त्याला आधार देतं. आणि व्यायामाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडात टिकत नाही. चालणं चांगलंच पण हाडाला वजन हवं: खुर्चीतून हात न टेकता उठ-बस दहा वेळा, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली, दोन मजले जिना, भिंतीला धरून टाचा वर. आई आठवड्यातून चार दिवस करते. मणके ठिसूळ असतील तर पुढे वाकायचे व्यायाम आणि झटक्यानं वळणं टाळा, फिजिओला एकदा दाखवा.

आता अकराच्या पाच वस्तू राहिल्यात. एचबीएवनसी तीन-चार महिन्यांनी परत करतो, गेल्या वेळी ५.९ आली. डेक्सा वर्ष-दोन वर्षांनी, त्याआधी करून काही कळत नाही.

बाथरूममध्ये कमोडजवळ आणि नळाजवळ स्टीलचं हँडल बसवून घेतलं, खाली रबरी मॅट टाकली. आईनं पहिल्याच दिवशी हँडलवर टॉवेल वाळत घातला, ओल्या टॉवेलवरून हात सरकतो म्हणून तो तिथून काढला आणि दाराला वेगळा हूक लावला.